सुरुवात टाचेपासून: फ्लोरेन्सच्या फेरागामो संग्रहालयात विद्यार्थ्यांची भेट कशी आखावी

फुटवेअर किंवा फॅशन डिझाइनच्या विद्यार्थ्यांना बुटांच्या संग्रहालयात मोकळं सोडलं की पहिल्या वीस मिनिटांत एकच दृश्य दिसतं. सगळा घोळका फोन काढून एखाद्या नटीच्या बुटांपाशी. तासाभरात सगळं ‘बघून’ होतं, आणि बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर विचारलं, की त्या उंच टाचेच्या सँडलमध्ये पावलाच्या कमानीखाली काय होतं, तर कुणालाच सांगता येत नाही. यात मुलांची चूक नाही. काचेमागे ठेवलेला बूट दागिन्यासारखा दिसतो आणि त्याचं खरं काम आत दडलेलं असतं. त्यामुळे आतलं आधी घरी पाहून घ्यायचं आणि मगच संग्रहालयात जायचं. ही सगळी आखणी त्याच हिशेबाने केलेली आहे.

संग्रहालय आहे फ्लोरेन्समध्ये, पियात्सा सान्ता त्रिनितामधल्या पालात्सो स्पिनी फेरोनी या दगडी वाड्यात. वाडा १२८९ सालचा, जेरी स्पिनी नावाच्या सराफाने बांधायला घेतलेला. बूट घडवणाऱ्या साल्वातोरे फेरागामोने तो १९३८ मध्ये विकत घेतला. त्याच्या बुटांचं संग्रहालय तिथे १९९५ मध्ये सुरू झालं. आज तळमजल्यावर कंपनीचं दुकान आहे आणि त्याखाली तळघरात संग्रहालय. सान्ता मारिया नोवेल्ला रेल्वे स्थानकावरून चालत पंधरा मिनिटांत पोचता येतं. बस शोधत बसू नका.

आरक्षण आणि एक नेहमीची फसगत

इथे बहुतेक गट एकाच ठिकाणी फसतात. हे संग्रहालय कायम एकच मांडणी ठेवत नाही. एकेका विषयावर प्रदर्शन लागतं, ते बरेच महिने चालतं आणि मग बदलतं. पुस्तकात पाहिलेली अमुक एक सँडल त्या दिवशी काचेमागे असेलच असं नाही. ती एखाद्या परदेशी प्रदर्शनात असेल किंवा कोठारात विश्रांती घेत असेल. चामडं, रेशीम आणि रंग सतत उजेडात ठेवले तर उडतात, म्हणून जुने जोड आलटून पालटूनच मांडावे लागतात. तेव्हा विद्यार्थ्यांना ‘ही दहा मॉडेलं शोधा’ अशी यादी देऊ नका. ‘या पाच अडचणी सोडवणारे बूट शोधा’ असं काम द्या. मांडणी कुठलीही असली तरी अडचणी त्याच असतात.

दोन महिने आधी संग्रहालयाला ईमेल करा. गटाची संख्या, कोणत्या वर्षाचे विद्यार्थी, कोणती भाषा हे कळवा आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारा: त्या तारखांना कोणतं प्रदर्शन असेल, पेन्सिलने रेखाटन करायला आणि जमिनीवर बसायला चालेल का, फोटोंना कुठे बंदी आहे. एका वेळी आठ-दहापेक्षा जास्त मुलं आत नेऊ नका. तळघरातल्या खोल्यांत वीस जण शिरले की प्रत्येक कपाटासमोर दुसऱ्याच्या डोक्याशिवाय काही दिसत नाही. चोवीस जणांचा वर्ग असेल तर तीन तुकड्या करा, दीड-दीड तासाच्या अंतराने आत सोडा. बाकीच्यांनी तोवर बाहेर नदीवरच्या सान्ता त्रिनिता पुलाच्या कमानी काढाव्यात. पुलाची कमान आणि पावलाची कमान यांचं नातं पुढे कामाला येणार आहे.

भारतातून जाणाऱ्या गटाने शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि पंधरा दिवसांपेक्षा उशीर चालत नाही, हे धरून तारीख ठरवावी. मे-जूनची भेट असेल तर अपॉइंटमेंटसाठी मार्चपासूनच लक्ष ठेवा. जानेवारी आणि जून या महिन्यांत फ्लोरेन्समध्ये पित्ती उओमो ही पुरुषांच्या कपड्यांची मोठी जत्रा भरते. त्या आठवड्यात राहायला जागा मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही. १५ ऑगस्टला इटलीत सुट्टी असते, ती तारीखही टाळा. आणि विमानात हँडबॅगेत रापी, कटर, आरी तर नाहीच, कंपासपेटीतलं कर्कटकसुद्धा चेक-इन सामानात टाका.

निघण्याआधी एक बूट कापा

प्रत्येक चार विद्यार्थ्यांमागे एक जुना, टाकून द्यायचा टाचेचा बूट मिळवा. टाच ५ ते ७ सेंटिमीटर आणि जाड हवी. पेन्सिलीएवढ्या बारीक टाचेत बहुतेकदा पोलादी कांडी असते, तिच्यावर ब्लेड अडकतं. तळाला लोहचुंबक लावून पाहा. टाचेच्या पुढे, कमानीखाली चुंबक चिकटला तर आत पोलादी पट्टी आहे. तिला शँक म्हणतात. चिकटला नाही तर ती प्लास्टिकची किंवा फायबरची असेल. असा बूट बाजूला ठेवा, दुसरा घ्या.

आता बुटाच्या आत ओल्या वर्तमानपत्राचे बोळे घट्ट कोंबा आणि ते पूर्ण सुकू द्या. म्हणजे कापताना अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, दबत नाही. लोखंड कापायची करवत घ्या, इंचाला २४ दात असलेली. शिकंज्यात बूट धरताना दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या द्या. बहुतेक जण बरोबर मधोमध कापायला जातात, आणि फसतात. शँक बुटाच्या मधल्या रेषेवरच बसवलेली असते. तिच्या लांबीभर करवत चालवायची म्हणजे पोलादावर घासत राहायचं. ब्लेड तापतं, घसरतं आणि तिरकं जातं. मधल्या रेषेपासून ८ ते १० मिलिमीटर आतल्या बाजूला, म्हणजे अंगठ्याच्या बाजूला सरकून कापा. पट्टी एका अर्ध्यात अख्खी राहते आणि तिची कड स्पष्ट दिसते. टाच बसवायचे खिळेही त्याच भागात असतात. तिथे घाई न करता हलक्या हाताने करवत चालवा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे हवेतच.

आत काय दिसतं ते वरून खाली मोजत जा: पावलाला लागणारं अस्तर, मग इनसोल, त्याखाली कडक पुठ्ठ्याचा मागचा भाग, त्यात रिव्हेट मारून बसवलेली शँक, मग भराव आणि शेवटी बाहेरचा सोल. शँक साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब आणि सव्वा सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. तिच्या मधून लांबीभर एक उभट घडी गेलेली असते. ती घडी कशासाठी? कागदाची एक पट्टी टोकाला धरा, ती लोंबते. तिलाच मधून घडी घाला, ती ताठ उभी राहते. एवढ्या एका गोष्टीवर उंच टाच उभी असते, आणि संग्रहालयातल्या कुठल्याही पाटीवर ती लिहिलेली नसते.

दुसरा प्रयोग वर्गातच होतो. दोन पुस्तकांमध्ये सुमारे १२ सेंटिमीटर अंतर ठेवून त्यावर प्लास्टिकची पट्टी आडवी टाका आणि मधे बोटाने दाबा. पट्टी वाकते. आता पट्टीखालच्या पोकळीत थर्माकोल किंवा बूच घट्ट बसवा आणि पुन्हा दाबा. वाकत नाही. वेज हील म्हणजे टाच आणि चवडा यांच्यामधली पोकळी सलग भरलेला तळ. तिची सगळी कल्पना एवढ्यात आली.

याच वेळी वर्गात एक जोड कोल्हापुरी ठेवा आणि विचारा, हिला शँक का लागत नाही? सरळ उत्तर मिळतं: तिचा तळ सगळीकडे जमिनीला टेकलेला असतो, मधे पोकळी नाही, म्हणून पूल बांधायची गरज नाही. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, थरावर थर आणि चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण. टाच उंचावली की पोकळी येते, आणि पोकळी आली की एकतर पूल बांधा नाहीतर खड्डा बुजवा. फेरागामोने आयुष्यभर हे दोन्ही करून पाहिलं. विद्यार्थी हे वाक्य स्वतः म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका.

माणूस कोण, हे अर्ध्या तासात

चरित्रावर फार वेळ घालवू नये, पण काही सालं माहीत नसली तर बूट समजत नाहीत. साल्वातोरे १८९८ मध्ये नेपल्सच्या पूर्वेला बोनितो गावात जन्मला, चौदा भावंडांतला अकरावा. किशोरवयात अमेरिकेला गेला, कॅलिफोर्नियात चित्रपटांसाठी बूट केले, १९२३ मध्ये हॉलिवूडमध्ये स्वतःचं दुकान काढलं. तिथेच त्याने विद्यापीठात शरीररचनेचे वर्ग केले. बूट देखणे होते, तरी लोकांचे पाय का दुखतात हे त्याला कळत नव्हतं. त्याचं निदान असं, की सरळ उभं राहिल्यावर शरीराचं वजन पावलाच्या कमानीवर उतरतं, आणि बुटाने तिलाच आधार द्यायला हवा. चवड्याला आणि टाचेला आधार देऊन मधला भाग अधांतरी सोडायचा, ही त्याच्या मते मूळ चूक.

१९२७ मध्ये तो इटलीत परतला आणि फ्लोरेन्समध्ये कारागीर जमवून काम सुरू केलं. १९३३ मध्ये दिवाळं निघालं. सावरतो न सावरतो तोच १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला आणि राष्ट्रसंघाने निर्बंध घातले. शँकसाठी चांगलं पोलाद मिळेना. मिळालं ते ठिसूळ होतं, पट्ट्या मोडायला लागल्या. तेव्हा त्याने पट्टीचा विचारच सोडला. सार्डिनियातलं बूच आणून टाच आणि चवडा यांच्यामधली पोकळी सलग भरून टाकली. जमीनच वर आणली म्हणा ना. या बुचाच्या वेज हीलचं पेटंट १९३७ चं. काही वर्षांत जगभर तिच्या नकला झाल्या.

तो १९६० मध्ये गेला. पुढे पत्नी वांदा आणि मुलांनी व्यवसाय वाढवला. कमी उंचीच्या टाचेचा आणि रिबिनीच्या बोचा ‘वारा’ हा बूट मुलगी फियाम्मा हिने १९७८ मध्ये काढला. इथे थांबा.

सोबत काय न्यावं

ए-५ आकाराची, जाड कागदाची वही, एचबी आणि २बी पेन्सिल, खोडरबर, १५ सेंटिमीटरची पट्टी. संग्रहालयात पेन, मार्कर, जलरंग नको. शाईचा एक डाग किती महागात पडतो हे सांगायची गरज नाही. पाठीवरची बॅग बाहेर ठेवा किंवा छातीवर घ्या. वळताना बॅगेचा धक्का काचेला लागतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: गडद रंगाचा साधा शर्ट किंवा कुर्ता घाला. अंधाऱ्या खोलीत उजेडातल्या काचेसमोर पांढरा टी-शर्ट घालून उभं राहिलात तर बुटावर तुमचंच प्रतिबिंब पडतं. काळ्या-निळ्या कपड्यात ते जवळजवळ नाहीसं होतं. चमकणारं ओळखपत्र, लख्ख मोबाइल कव्हरही खिशात ठेवा.

आत उजेड मुद्दाम कमी ठेवतात. चामडं-कापडासारख्या नाजूक वस्तूंसाठी संग्रहालयांत साधारण ५० लक्सचा दंडक असतो. ऑफिसच्या टेबलावर त्याच्या आठ-दहापट उजेड असतो. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे स्थिरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. म्हणून पहिली दहा मिनिटं वही बंद, फोन बंद, नुसतं फिरायचं. फोटोच्या भरवशावर रंग टिपू नका. कमी उजेडात फोन चित्र उजळवतो आणि पिवळ्या दिव्याखाली रंग बदलतो. रंग शब्दांत लिहा: ‘सुकलेल्या कोकमाचा लाल’, ‘मोरचूद’. घरी येऊन जुळवा.

रेखाटन: एका बुटावर पंचवीस मिनिटं

प्रत्येकाने फक्त तीन बूट निवडावेत. जास्त केले की प्रत्येकाचं नुसतं कार्टून होतं. क्रम असा ठेवा: आधी बाजूने, मग मागून, मग समोरून, शेवटी कपाट परवानगी देईल तर वरून. बाजूचं चित्र काढताना पहिली रेघ जमिनीची. तिच्यावर बूट कुठे टेकतो ते दोन बिंदू: टाचेची मागची कड आणि चवड्याची जागा. बोटांचं टोक सहसा जमिनीपासून थोडं उचललेलं असतं. त्याला टो स्प्रिंग म्हणतात. तो विसरला तर काढलेला बूट मेलेल्या माशासारखा पडून राहतो. मग टाचेच्या आतल्या पुढच्या कडेची रेघ काढा. ती सरळ आहे, आत झुकते की बाहेर? या एका रेघेवर टाच डळमळेल की नाही ते ठरतं.

उंची मोजायची सोय नसते. तेव्हा हात लांब करून पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरा, बुटाची लांबी अंगठ्याने खुणा, मग तेवढ्यात टाचेची उंची किती वेळा बसते ते पाहा. इथे एक सापळा आहे. युरोपीय ३६ नंबर म्हणजे ३६ पॅरिस पॉइंट, आणि एक पॅरिस पॉइंट म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणून फर्मा, म्हणजे बूट ज्यावर घडवतात तो पावलाच्या आकाराचा साचा, २४ सेंटिमीटर. पण उंच टाचेत पाऊल तिरकं उभं असतं, त्यामुळे बाजूने दिसणारी आडवी लांबी २४ भरत नाही. टाचेपासून चवड्यापर्यंत साधारण १७ सेंटिमीटर, टाच ८ सेंटिमीटर धरली तर तो तिरका भाग आडवा जेमतेम १५ दिसतो. पुढचे ७ मिळवून एकूण २२. विद्यार्थी २४ धरतात आणि टाच ८ च्या जागी ९ सेंटिमीटरची निघते. हा हिशेब आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून न्या.

चित्राशेजारी शिवणी मोजा. अप्पर किती तुकड्यांचं आहे? जोड कुठे आहे, आणि तिथेच का? जोड सहसा वाकणाऱ्या जागेपासून दूर ठेवलेला असतो. नसेल तर कारागिराला काहीतरी नाइलाज होता. तो नाइलाज शोधणं हाच खरा अभ्यास.

कोणत्या अडचणी शोधायच्या

वेज हीलमध्ये सगळ्यात प्रसिद्ध आहे १९३८ ची इंद्रधनुषी सँडल, हॉलिवूडची नटी ज्युडी गार्लंडसाठी केलेली. सोनेरी करडाच्या चामड्याचे पट्टे आणि खाली रंगीबेरंगी थरांचा जाडजूड तळ. ती किंवा तिची आवृत्ती दिसली तर रंगांवर थांबू नका. थरांच्या कडा पाहा. प्रत्येक बुचाचा थर वेगळा कापून, वेगवेगळ्या रंगाच्या स्वेडमध्ये, म्हणजे मऊ लवदार चामड्यात, गुंडाळून मगच एकावर एक चिकटवलेला आहे. सगळा तळ आधी जोडून वरून स्वेड चढवलं असतं तर रंगांमधली ती स्वच्छ खोबण आलीच नसती. म्हणजे इथे रंग हा कामाच्या क्रमाचा परिणाम आहे. वहीत दोन थरांमधली खोबण मोठी करून काढा. ही एक रेघ बाकी सगळ्या चित्रापेक्षा मोलाची.

‘अदृश्य’ सँडल १९४७ ची. वरचा भाग मासेमारीच्या दोऱ्यासारख्या नायलॉनच्या पारदर्शक धाग्यांचा, खाली इंग्रजी एफ अक्षरासारखी, कमानीखाली आत कापलेली वेज. त्याच वर्षी फेरागामोला अमेरिकेत नीमन मार्कस पुरस्कार मिळाला, फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिस्तियन दिओरच्या बरोबर. इथे विचारायचा प्रश्न: इतके बारीक धागे पाय कापत कसे नाहीत? धाग्यांची संख्या मोजायचा प्रयत्न करा. भार एका पट्ट्याऐवजी अनेक धाग्यांत वाटलेला आहे. मग ते धागे तळात कुठे शिरतात ते शोधा. तुटलाच तर धागा तिथेच तुटणार.

१९५१ ची ‘किमो’ सँडल पट्ट्यांची आहे आणि आत वेगळा मोजा घालायचा असतो, साटिनचा किंवा मऊ चामड्याचा. मोजा बदलला की बुटाचा रंग बदलला. एकाच जोडात दोन-तीन जोड, असा हिशेब. पिंजऱ्यासारखी, तारेची पोकळ टाच १९५० च्या दशकातली. तिथे भार तारांतून खाली कसा जातो ते बाणांनी दाखवा. बाण काढता आले नाहीत तर बूट अजून कळलेला नाही, पुढे जाऊ नका.

युद्धाआधीच्या टंचाईतले बूट दिसले तर साहित्याची नोंद करा: राफिया, ताग, फेल्ट, माशाची कातडी, चॉकलेटवर असतो तसला सेलोफेनचा पारदर्शक कागद वळून केलेल्या विणी. सेलोफेन नुसता फाटतो, पण पीळ देऊन वळला की टिकतो. घरी चॉकलेटचा कागद वळून पाहा.

लाकडी फर्मे हा कोपरा सहसा गर्दीचा असतो, कारण त्यांवर नट्यांची नावं असतात. नावं विसरा. फर्म्यावर कुठे चामड्याचा तुकडा वाढवलाय ते बघा. गिऱ्हाइकाच्या पायाचं हाड जिथे वर आलेलं, तिथे कारागीर फर्म्यावर भर घालतो. उजवा-डावा फर्मा सारखा नसतो, कुणाचेच पाय सारखे नसतात.

आणि एक ग्राहक मराठी वाचकाने ओळखायलाच हवी. कूचबिहारची महाराणी इंदिरा देवी ही फेरागामोची गिऱ्हाईक होती. ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी, आपल्याकडे इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेला विवाह मोडून तिने कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी १९१३ मध्ये लग्न केलं. तिने फेरागामोकडे केलेल्या बुटांवर स्वतःकडचे हिरे-मोती लावून घेतले होते. संग्रहात तिच्यासाठी केलेला जोड मांडलेला असेल तर वरचा शृंगार सोडा. खडे जडवल्याने वजन वाढतं, ते वजन पायाच्या कुठल्या भागावर ठेवलंय ते पाहा.

प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत भेटीच्या शेवटी एवढं असावं: तीन बूट, प्रत्येकाचं बाजूचं आणि मागचं चित्र, भाराचे बाण, तुकड्यांची संख्या, एक न सुटलेला प्रश्न. सगळं मिळून दीड तास. त्यानंतर डोळे थकतात आणि चित्रं बिघडतात, म्हणून थांबवा.

त्याच दिवशी आणखी काय

पूल ओलांडून दहा-पंधरा मिनिटांवर पालात्सो पित्तीत वेशभूषा आणि फॅशनचं संग्रहालय आहे. कपडे आणि बूट एकत्र पाहायला ते बरं, पण एकाच दुपारी दोन्ही करू नका. त्यापेक्षा सान्ता क्रोचे चर्चच्या मागे असलेलं स्कुओला देल कुओइओ, म्हणजे चामड्याचं विद्यालय, पाहावं. युद्धात अनाथ झालेल्या मुलांना हुन्नर शिकवायला फ्रान्सिस्कन साधूंनी चर्मउद्योगातल्या गोरी आणि कासिनी कुटुंबांच्या साथीने १९५० मध्ये ते काढलं. तिथे चामडं कापताना, सोनेरी ठसे उठवताना कारागीर दिसतात. संग्रहालयात फक्त झालेलं काम दिसतं, इथे चालू असलेलं.

टोरांटोला राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी ब्लूर स्ट्रीटवरच्या बाटा शू म्युझियममध्ये हीच पद्धत वापरावी. रेमंड मोरियामाने बांधलेली ती इमारत बुटाच्या खोक्यासारखी आहे, सेंट जॉर्ज मेट्रो स्थानकाच्या अगदी जवळ. तिथे खडावा आणि पादुकाही आहेत. बोटांमधली खुंटी पकडून चालायचं म्हणजे पट्ट्याशिवाय बूट पायावर कसा टिकतो याचा नमुना.

परतल्यावर: फर्म्यावरून कागदावर

ही पायरी राहिली तर वह्या कपाटात जातात. आठवड्याच्या आत करा.

लाकडी किंवा प्लास्टिकचा फर्मा घ्या. नसेल तर घट्ट भरलेला जुना बूट चालेल. २४ मिलिमीटर रुंदीची मास्किंग टेप न ताणता दोन थरांत लावा, एक थर लांबीच्या दिशेने, दुसरा आडवा. टेप ताणली की कापून काढल्यावर ती आक्रसते आणि नमुना लहान पडतो. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. टेपवर पेन्सिलने रेखाटनातल्या सगळ्या रेघा उतरवा: तोंडाची कड, पट्टे, जोड. पुढची मधली रेघ आणि मागची मधली रेघ कापा, तळाच्या कडेने कापा आणि टेपची दोन सालं काढा, बाहेरच्या आणि आतल्या बाजूची.

आता ती ३०० जीएसएमच्या पुठ्ठ्यावर सपाट चिकटवा. ती सपाट बसत नाही, पावलाच्या वरच्या उंचवट्यापाशी सुरकुत्या पडतात. त्या कुठे पडतात हेच पाहायचं आहे, कारण चामड्याला तिथेच ताणावं किंवा जोड द्यावा लागतो. सुरकुती दाबून सपाट करू नका. टोकाकडून बारीक चिरा देऊन पसरवा. आतला आणि बाहेरचा भाग एकावर एक ठेवून दोन्हींची सरासरी रेघ काढा. खाली फर्म्याखाली दुमडायला १५ मिलिमीटर जास्तीचं चामडं धरा. १० धरलं तर पकडीला चामडं मिळत नाही. २० धरलं तर तळाशी गुठळ्या येतात.

वेज करायची असेल तर ५ मिलिमीटरचे बुचाचे तक्ते घ्या. टाचेखाली ५ सेंटिमीटर म्हणजे दहा थर, चवड्याखाली दीड सेंटिमीटर म्हणजे तीन. पहिले तीन थर पूर्ण लांबीचे कापा, पुढचे सात मागून पुढे पायऱ्यांसारखे आखूड करत जा. रबर सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा ते पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटून सुटेल इतकं सुकलं की दाबा. ओलं असताना चिकटवलं तर आतला द्राव अडकतो, थर घसरतात आणि दुसऱ्या दिवशी मधे फुगे दिसतात. सोल्यूशनचं काम खिडकी उघडी ठेवूनच करा, डोकं लवकर दुखतं. पायऱ्या घासायला आधी ८० नंबरचा सँडपेपर, मग १५०. एकाच दिशेने घासा. उलटसुलट घासलं की बुचाचे दाणे निखळतात.

कडेला रंगीत थर दाखवायचे असतील तर घासण्याचं काम चिकटवण्याआधी, एकेक थर सुटा असतानाच करावं लागतं, कारण नंतर प्रत्येक थर आपापल्या स्वेडमध्ये गुंडाळायचा असतो. स्वेड खाली दुमडायला ८ मिलिमीटर ठेवा आणि वळणावर दुमड बारीक चिरत न्या. एका पायरीला साधारण अर्धा तास जातो, दहा पायऱ्यांना दोन बैठका सहज.